बेळगाव भागातलं वैद्यकीय संशोधन आणि आपला दवाखाना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात घरात कुणी गरोदर असेल तर कधीतरी वही किंवा टॅब घेतलेली एखादी सिस्टर दारात येते. ‘अभ्यास चाललाय, नाव घालू का?’ असं विचारते. मग सासूबाई, जाऊबाई, शेजारीण, सगळ्यांचे प्रश्न सुरू होतात. कोण आहेत हे, रक्त कशाला घेतात, आम्हाला काय मिळणार? गेली काही वर्षं हे प्रश्न माझ्याकडेही येत असतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवतोय. खाली औषधांची नावं येतील, पण ती वाचून कुणी दुकानातून गोळ्या आणू नयेत. डोस डॉक्टरच ठरवतात.

बेळगावात जगाच्या उपयोगाचं संशोधन खरंच झालंय का? की नुसती जाहिरात?

झालंय, आणि बरंच. बेळगावचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज (आपण सगळे ज्याला ‘केएलई’ म्हणतो) अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या माता-बाल आरोग्य जाळ्यात सुरुवातीच्या काळापासून आहे. या जाळ्यात भारतातून बेळगाव आणि नागपूर, शिवाय पाकिस्तान, केनिया, झांबिया, काँगो, ग्वाटेमाला असे देश आहेत. ठरावीक प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या (पीएचसींच्या) हद्दीतल्या प्रत्येक गरोदरपणाची आणि प्रत्येक जन्माची नोंद ठेवण्याचं कामही इथे वर्षानुवर्षं चालू आहे. वही घेऊन येणारी सिस्टर बहुतेक वेळा त्याच कामावर असते. गंमत अशी की आपल्या जिल्ह्याचं नाव लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलं तेव्हा आपल्या बाजारपेठेत त्याची कुणाला खबर नव्हती.

ज्या गोळीचं एवढं नाव घेतात ती कोणती?

मिसोप्रोस्टॉल. बाळ बाहेर आल्यावर वार पडते आणि त्यानंतर गर्भाशय आकसून घट्ट व्हावं लागतं. ते ढिलं राहिलं तर रक्त थांबत नाही, आणि धडधाकट बाई दोन-तीन तासांत हातची जाऊ शकते. दवाखान्यात यावर ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात. पण ऑक्सिटोसिन थंड ठेवावं लागतं, म्हणजे २ ते ८ अंशांत. २००० च्या सुमाराला आपल्याकडच्या उपकेंद्रात फ्रीज कुठला आणि दिवसभर करंट कुठला! त्यात पुष्कळ बाळंतपणं घरीच होत होती.

म्हणून २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या चार पीएचसींच्या हद्दीत एक चाचणी झाली. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १,६२० बायकांपैकी निम्म्यांना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या मिळाल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. कुणाला कुठली मिळाली हे देणाऱ्या नर्सलाही माहीत नव्हतं. २००६ साली निकाल ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात आला. जास्त रक्तस्राव होणाऱ्यांचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं, आणि अति गंभीर रक्तस्राव १.२ वरून ०.२ टक्क्यांवर. अठरा बायकांना गोळ्या दिल्या की एकीचा रक्तस्राव टळतो, असा त्याचा सरळ हिशेब. थंडी वाजून अंग थरथरणं आणि थोडा ताप हे त्रास मात्र गोळी घेतलेल्या बायकांत जास्त दिसले.

मला या चाचणीत सगळ्यात मोठी वाटते ती एक साधी गोष्ट. गोळ्या देणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, त्या गावातल्या सहायक नर्स-दाई होत्या. आपण ज्यांना ‘सिस्टर’ म्हणून हाक मारतो त्या. औषध चालतं हे तर कळलंच, पण ते कुणाच्या हातून चालतं हेही सिद्ध झालं.

रक्त कमी गेलं की जास्त, हे त्यांनी मोजलं कसं? आमच्या आजीच्या काळी तर लुगडी धुवायचे आणि विसरायचे.

हाच तर खरा पेच होता. बाळंतपणात रक्त पाण्यात मिसळतं, कापडात मुरतं, सारवलेल्या जमिनीत जिरतं. अनुभवी डॉक्टरही नुसत्या नजरेने अंदाज करतात आणि तो जवळजवळ नेहमी कमीच निघतो. म्हणून या चाचणीसाठी एक प्लास्टिकची चादर बनवली. कमरेखाली अंथरायची, दोन पट्टे पोटाभोवती बांधायचे. चादरीचं खालचं टोक निमुळतं होत पिशवीसारखं खाली लोंबतं, आणि त्या पिशवीवर मिलिलिटरच्या रेघा छापलेल्या. रक्त घरंगळत पिशवीत येतं आणि सिस्टर रेघ वाचते. एवढंच यंत्र. बेळगावच्याच डॉक्टरांचा सहभाग असलेल्या अभ्यासात नजरेचा अंदाज या पिशवीच्या मापापेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी भरला.

ही चादर पुढे फार लांब गेली. २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या ८० रुग्णालयांतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही, ज्या रुग्णालयांत नवी पद्धत राबवली तिथे बाळंतिणीखाली अशीच मापाची चादर होती. रक्त ठरावीक रेघेपर्यंत आलं की गर्भाशय चोळणं, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड (रक्त थांबवायचं औषध), सलाईन आणि तपासणी हे सगळं एकदम सुरू करायचं, एकामागून एक वाट बघत बसायचं नाही. तिथे गंभीर परिणामांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. नवं औषध त्यात एकही नव्हतं.

आता जरा कडू बोलतो. तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यातल्या बाळंतपणाच्या खोलीत ती चादर आहे का, हे एकदा विचारून बघा.

एवढं सिद्ध झालं होतं तर लगेच सगळीकडे का नाही आलं?

कारण शोध लागणं हे एक काम आणि तो वापरात आणणं हे दुसरं. पहिल्या कामाला पैसे मिळतात, पदवी मिळते, मासिकात नाव येतं. दुसरं काम कुणाच्याच पगारात धड बसत नाही.

मिसोप्रोस्टॉलचंच बघा. २००६ ला निकाल आला. जागतिक आरोग्य संघटनेने बाळंतपणातला रक्तस्राव टाळण्यासाठी ही गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घेतली ती २०११ मध्ये. यादीत नाव नसेल तर सरकारी खरेदी सहसा होत नाही, खरेदी नसेल तर गोदामात माल नाही, आणि गोदामात नाही ते उपकेंद्रात कुठून येणार? शिवाय ही गोळी गर्भपातासाठीही वापरली जाते, त्यामुळे ती गावपातळीवर सोडायला अधिकारी बिचकतात. तिसरी अडचण आपल्या हवेची. या गोळीला उष्णता फारशी बाधत नाही, पण दमट हवा बाधते. अ‍ॅल्युमिनियमच्या घट्ट पाकिटातून काढून डबीत भरून ठेवली आणि वर कणकुंबी-जांबोटीचा पाऊस असला, तर तिचा गुण उतरतो.

तोवर इथली परिस्थितीही पालटली. २००५ नंतर जननी सुरक्षा योजना आली, १०८ ची गाडी आली, आशा आल्या आणि बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत कर्नाटकातली जवळपास ९७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. दवाखान्यात पहिलं औषध ऑक्सिटोसिनच. म्हणजे घरच्या बाळंतपणासाठी ज्या गोळीची परीक्षा घेतली, ती धोरणात येईपर्यंत घरची बाळंतपणंच आटली. तिची किंमत त्यामुळे शून्य झाली नाही. करंट गेलाय, फ्रीज बंद आहे, गाडी अडकलीय, अशा वेळी हीच गोळी कामी येते.

उशीर फक्त गरीब देशांतच होतो असंही नाही. दिवस भरण्याआधी बाळंत होणाऱ्या बाईला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात, हे न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी या दोघांनी १९७२ मध्येच दाखवलं होतं. अमेरिकेत ते सर्रास द्यावं अशी अधिकृत शिफारस यायला १९९४ उजाडलं. मधल्या बावीस वर्षांतली बाळं कुणाच्या हिशेबात धरायची?

परदेशात सिद्ध झालेलं औषध आपल्याकडे पुन्हा कशाला तपासायचं? अंग तर सगळ्यांचं सारखंच.

अंग सारखं असतं, दवाखाना सारखा नसतो. याचं उत्तम उदाहरण हेच स्टेरॉइड, आणि त्यात बेळगावही आहे.

श्रीमंत देशांत ते इंजेक्शन मोठ्या रुग्णालयात देतात. तिथे सोनोग्राफीने दिवस नेमके कळलेले असतात आणि नवजात बाळासाठी वेगळा कक्ष असतो. मग विचार असा झाला की गरीब देशांत तेच इंजेक्शन गावपातळीवर, आरोग्य सेविकांपर्यंत नेलं तर हजारो बाळं वाचतील. सहा देशांत, बेळगाव आणि नागपूर धरून, सुमारे एक लाख जन्मांवर ही कल्पना तपासली गेली. निकाल २०१५ मध्ये आला आणि सगळे गप्प झाले. अगदी लहान वजनाच्या बाळांच्या मृत्यूत फरक पडला नव्हता. एकूण बाळं मोजली तर जिथे हा कार्यक्रम राबवला तिथे दर हजार जिवंत जन्मांमागे २७.४ बाळं दगावली, आणि जिथे नेहमीसारखं चालू होतं तिथे २३.९. आयांमध्ये जंतुसंसर्गाची शंकाही जास्त आली. पाळी चुकल्याच्या आठवणीवरून दिवस मोजलेले, त्यामुळे ज्यांना गरज नव्हती अशाही पुष्कळ जणींना इंजेक्शन गेलं. आणि ज्यांना खरंच गरज होती त्यांच्या बाळांना पुढे ऊब, ऑक्सिजन, चांगली काळजी मिळेलच असं नव्हतं.

म्हणून इंजेक्शन वाईट ठरलं का? तसं नाही. भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया आणि नायजेरियातल्या २९ रुग्णालयांत पुन्हा परीक्षा झाली, तिचा निकाल २०२० मध्ये आला. या वेळी दिवस सोनोग्राफीने मोजले, आणि बाळाची सोय असलेली रुग्णालयंच घेतली. नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्यापेक्षा आधीच थांबवली.

औषध एकाच जातीचं, पण एका ठिकाणी घात आणि दुसऱ्या ठिकाणी जीवदान. ‘तिकडे चाललं, इकडे पण चालेल’ म्हणणाऱ्याला मी हे दोन निकाल वाचायला देतो.

म्हणजे आमच्या बायकांवर प्रयोगच केले की!

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि तो राग अगदी अस्थानी नाही. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या बडोदा जिल्ह्यांत मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देण्याचा प्रकल्प झाला. तेव्हा पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्याचं बाहेर आलं, आणि प्रकल्प थांबवावा लागला. असं घडलंय म्हणूनच पुढे नियम कडक झाले.

आज औषधाच्या कुठल्याही चाचणीची नोंद भारताच्या सार्वजनिक नोंदवहीत आधी करावी लागते, २००९ पासून ते सक्तीचं आहे. २०१९ चे नवीन औषध व चाचणी नियम लागू आहेत. नैतिकता समितीत डॉक्टरांबरोबर कायद्याचा जाणकार आणि वैद्यकीय क्षेत्राबाहेरची सामान्य व्यक्तीही लागते. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत, आणि भरपाईही.

कागदावर हे सगळं नीट आहे. पण माझं मत विचाराल तर खरी कसोटी सहीच्या वेळची. एका घरी मी हे बघितलंय. सोप्यावर सून खाली बसलेली, सिस्टर खुर्चीवर, कागद पाच-सहा पानांचा. सिस्टर वाचत होती आणि सून मान हलवत होती. मधेच सासरे म्हणाले, ‘कर गं सही, ओळखीची बाई आहे.’ सही झाली. नियमाप्रमाणे सगळं बरोबर, पण ती संमती कुणाची होती? त्या घरात सुनेला एकटीला दहा मिनिटं द्यायला हवी होती, आणि ‘उद्या सांगते’ म्हणायची मोकळीक.

सही करण्याआधी काय विचारावं?

हे अभ्यासात नेमकं काय करणार, नुसती नोंद ठेवणार की औषध देणार? औषध असेल तर मला खरं मिळणार की बिनऔषधाची गोळी, आणि ते कोण ठरवणार? रक्त किती वेळा घेणार? मधेच नको वाटलं तर सोडता येतं का, आणि सोडल्यावर दवाखान्यात मला नेहमीसारखं बघतील ना? काही झालं तर रात्री कुणाला फोन करायचा? आणि शेवटचा प्रश्न, जो कुणीच विचारत नाही: निकाल लागल्यावर आम्हाला सांगायला येणार का?

कागदाची एक प्रत आपल्याकडे ठेवायचा हक्क आहे. नैतिकता समितीचा फोन नंबर त्याच कागदावर असतो. प्रवासखर्च किंवा बुडालेली मजुरी मिळाली तर त्यात वावगं काही नाही. पण पैशाचं मोठं आमिष दाखवत असतील तर सावध व्हावं.

कागद कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असतो. मराठीत मागता येतो का?

येतो. समजणाऱ्या भाषेतच संमती घ्यायची, हा नियम आहे, मेहेरबानी नाही. वाचता येत नसेल तर त्या अभ्यासाशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर वाचून दाखवायचं, मग अंगठा. इथे सीमावादाचं राजकारण आणायचं कारण नाही. आपल्या गावांत सासू मराठी आणि सून कन्नड, किंवा उलट, हे घरोघरी आहे. ज्या बाईच्या अंगावर औषध जाणार, भाषा तिची.

अभ्यासातून फायदा निघाला नाही तर सगळं पाण्यात ना?

बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत गरोदरपणात वाढणारं बीपी आणि त्यातून येणारे झटके यांबद्दल मोठा अभ्यास झाला होता. आशांना टॅब दिले, बीपीचं यंत्र दिलं. धोका दिसला की बीपीची गोळी, मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन आणि मोठ्या दवाखान्यात पाठवणी, अशी आखणी. पाकिस्तान आणि मोझांबिकमध्येही हेच. २०२० मध्ये निकाल आला, आणि एकूण आई-बाळाच्या मृत्यूत किंवा गंभीर आजारात ठळक फरक दिसला नाही. पण ज्या बायकांना आठ किंवा त्याहून जास्त भेटी मिळाल्या त्यांच्यात परिणाम बरा दिसला.

मॅग्नेशियम सल्फेट झटके अर्ध्यावर आणतं हे २००२ पासून माहीत आहे, ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायकांमध्ये ते तपासलेलं आहे. तेव्हा दोष औषधात शोधण्यात अर्थ नाही. आशाने धोका ओळखला आणि पुढे गाडी मिळाली नाही, मोठ्या दवाखान्यात बाई डॉक्टर जागेवर नाही, रक्त नाही, तर टॅब काय करणार? हे कळलं ही काही फुकट गेलेली गोष्ट नव्हे. उलट असे निकाल लपवले नाहीत म्हणून मला या लोकांवर जास्त विश्वास वाटतो.

पहिलटकरणीला अ‍ॅस्पिरिन देतात म्हणे, ते काय?

सहा देशांतल्या सुमारे बारा हजार पहिलटकरणींमध्ये रोज ८१ मिलिग्रॅमची छोटी अ‍ॅस्पिरिन तपासली गेली. त्यातही बेळगाव होतं. दिवसांआधी बाळंत होण्याचं प्रमाण १३.१ टक्क्यांवरून ११.६ वर आलं. गोळी कवडीमोल किमतीची आहे.

मेख वेगळीच आहे. अभ्यासात ही गोळी चौदा आठवडे पूर्ण व्हायच्या आत सुरू केली होती. आणि आपल्याकडे तिसरा महिना सरेपर्यंत दिवस गेल्याचं कुणाला सांगायचं नाही. दृष्ट लागते, पोट राहिलं नाही तर बोभाटा होतो. तायी कार्ड (गरोदर बाईच्या नोंदीचं सरकारी कार्ड) करायला बाई येते तेव्हा वेळ निघून गेलेली असते. जगातलं कुठलंही मासिक ही अडचण सोडवणार नाही, ती घरातल्या थोरल्या बाईनेच सोडवायची आहे. गावभर सांगू नका, पण आशाच्या कानावर दुसऱ्या महिन्यातच घाला. ती गोळी तुम्हाला हवी की नको ते डॉक्टर ठरवतील, कारण काही जणींना ती चालत नाही.

कळा चालू असताना अँटिबायोटिकचा एकच डोस देतात, तेही इथलंच संशोधन का?

त्यात बेळगाव होतं. अ‍ॅझिथ्रोमायसिनचा २ ग्रॅमचा एक डोस, २९ हजारांहून जास्त बायका, निकाल २०२३. आईला जंतुसंसर्ग होऊन सेप्सिस (संसर्ग अंगभर पसरून जिवावर बेतणं) किंवा मृत्यू होण्याचं प्रमाण २.४ वरून १.६ टक्के झालं. बाळाला मात्र फायदा दिसला नाही. सरसकट दिलं तर जंतू औषधाला दाद देईनासे होतील ही भीती खरी आहे.

बाकी राहू दे. आमच्या पोरीचं रक्त कमी आहे. त्यावर नवीन काही निघालंय का?

रक्त वाढवायचं कसं हे जगाला कधीचं माहीत आहे. देशात रक्तक्षयावरचा सरकारी कार्यक्रम १९७० पासून आहे. तरी २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांचं रक्त कमी निघालं. कर्नाटकात ४७.८ टक्के.

लोहाच्या लाल गोळ्या घरोघरी पोचतात. निपाणीकडे विड्या वळणाऱ्या बाईच्या फळीवर, खानापूरकडे कुलदेवतेच्या फोटोमागे, न फोडलेल्या पट्ट्या सापडतील. कारणं विचारा: मळमळतं, संडास काळी होते, पोट घट्ट होतं, ‘बाळ मोठं होऊन अडेल’. जी घेते ती सकाळी चहाबरोबर घेते, आणि चहा लोह नीट अंगी लागू देत नाही. चहा तास-दोन तास लांब ठेवावा, बरोबर लिंबू किंवा आवळा चालतो. संडास काळी झाली तर घाबरायचं नाही, मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी. हे सांगायला सिस्टरला पाच मिनिटं लागतात, आणि तिच्याकडे भरायला रजिस्टरं इतकी की तेवढी पाच मिनिटंही नसतात. सातव्या-आठव्या महिन्यातही रक्त फार कमी असेल तर शिरेतून लोह देता येतं. ते दवाखान्यात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्याची तपासणी करणारा अभ्यास कर्नाटक आणि राजस्थानात झालाय.

रक्त आधीच कमी असलेल्या बाईला बाळंतपणात थोडं रक्त गेलं तरी झेपत नाही. म्हणून चादर, गोळी, इंजेक्शन यांच्या कितीतरी आधी हे येतं.

पलीकडे महाराष्ट्रात बायका कमी दगावतात हे खरं का?

राज्याची सरासरी बघितली तर हो. २०१८-२० च्या सरकारी नमुना नोंदणीत दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू देशात ९७, कर्नाटकात ६९, महाराष्ट्रात ३३, केरळात १९. पण राज्याच्या आकड्यावरून आपल्या गावाचं काही ठरत नाही. चंदगड-आजऱ्याकडचे रुग्ण उपचाराला बेळगावलाच येतात, कारण मोठा दवाखाना त्यांना इथेच जवळ. एकाच पावसात, एकाच घाटात राहणारी माणसं आहोत.

महाराष्ट्राकडून घेण्यासारखं असेल तर गडचिरोलीचं काम. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेतली. ३९ गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. २०११ पासून देशभरातल्या आशा बाळंतपणानंतर घरी येऊन बाळाचं वजन, ताप, दूध बघतात ते त्यातूनच. इथेही बारा वर्षं गेली. पण हा शोध मुळातच आशासारख्या बाईच्या हातून झाला होता, म्हणून तो तिच्या हाती परत देता आला. तुमच्या घरी आशा बेचाळीस दिवसांत सहा वेळा आली का, ते मोजा.

जंगलातल्या गावांना यातलं काय पोचतं?

भीमगड अभयारण्यातली आमगाव, गवळी अशी गावं पावसाळ्यात तुटतात. नाले भरले की आजाऱ्याला खांद्यावर घालून चालत आणावं लागतं. अशा ठिकाणी संशोधनापेक्षा रस्ता आणि पूल आधी हवा, यात वाद नाही. तोवर एवढंच, की जून ते सप्टेंबरात दिवस भरणार असतील तर आठ-पंधरा दिवस आधी खानापुरात नातेवाईकांकडे येऊन राहावं. आणि अशा गावांसाठी मिसोप्रोस्टॉल अजूनही जुनं झालेलं नाही. सिस्टरच्या पिशवीत ते अ‍ॅल्युमिनियमच्या पाकिटातच असावं, हे वैद्यकीय अधिकाऱ्याला सांगण्यासारखं आहे.

अभ्यासात नाव आहे आणि पोरगी बाळंतपणाला माहेरी, गडहिंग्लजला, चाललीय. मग?

जाऊ दे. अभ्यासासाठी कुणी माहेरपण सोडायचं नसतं. जाण्याआधी सिस्टरला तिकडचा फोन नंबर द्या, म्हणजे त्या फोनवर विचारतील. तायी कार्ड, सोनोग्राफीचे कागद, रक्तगट आणि चालू गोळ्यांची नावं बरोबर द्या, कारण राज्य बदललं की इथली नोंद तिकडच्या डॉक्टरला दिसत नाही. अभ्यासाची गोळी चालू असेल तर तिचा कागद सगळ्यात वर ठेवा. तिकडे अचानक ऑपरेशनची वेळ आली तर डॉक्टर आधी तेच विचारतील.

आम्ही गावातून काही करू शकतो का?

गावात ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समिती असते आणि पीएचसीला आरोग्य रक्षा समिती. दोन्हींत गावची माणसं असतात. तिथे ‘सेवा सुधारा’ असं मोघम बोलून काही होत नाही. नेमकं विचारा. ऑक्सिटोसिन ठेवलेल्या फ्रीजला करंट गेल्यावर पर्याय काय? मॅग्नेशियम सल्फेट आज शिल्लक आहे का, आणि त्याची मुदत कधी संपते? मापाची चादर वापरता का? बीपीचं यंत्र चालू आहे का? उत्तर लेखी मागा. तोंडी ‘सगळं आहे’ मिळालं तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, दारिद्र्यरेषेखालच्या कार्डधारकाला त्याची फी लागत नाही. आणि आपल्या गावात एखादा अभ्यास होऊन गेला असेल, तर त्याच्या लोकांना ग्रामसभेत बोलवा आणि निकाल सांगायला लावा.